सांधे सुजतात तेव्हा मन का खचतं? ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आणि मानसिक आरोग्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात, होऊन चौदा वर्षं झाली. निदान झालं त्या दिवशी डॉक्टरांनी सांध्याचं चित्र काढून समजावलं, तपासण्या लिहून दिल्या, या आजारावरची मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची हे तीनदा बजावलं. मनाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही. चौथ्या वर्षी मी सकाळी उठल्या उठल्या विनाकारण रडायला लागले, तेव्हा आपलंच मन कच्चं, अशी मी स्वतःची समजूत करून घेतली. त्या समजुतीत माझं दीड वर्ष वाया गेलं. हाच आजार असलेल्या माणसांशी आता बोलणं होतं तेव्हा तेच ते प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी डॉक्टर नाही. औषधांविषयी जे लिहिलंय ते तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून आहे, त्यावरून स्वतःहून डोस बदलू नका.

आजार सांध्यांचा आहे. मग त्यात मनाचा काय संबंध?

सांधे हा या आजाराचा दिसणारा भाग. मूळ बिघाड रोगप्रतिकारशक्तीत आहे. जंतूंशी लढायचं सोडून ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. अस्तर सुजतं, जाड होतं, हळूहळू शेजारचं हाड आणि कूर्चा खाऊ लागतं. या सगळ्या प्रक्रियेला दाह म्हणतात. दाह पेटता ठेवण्यासाठी पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप धाडतात ते सायटोकाइन. त्यांतले टीएनएफ, इंटरल्युकिन-६ आणि इंटरल्युकिन-१ हे या आजारातले मोठे. हे निरोप गुडघ्यात किंवा बोटांच्या पेरांत अडकून राहत नाहीत. ते रक्तात उतरतात, आणि रक्त मेंदूतही जातं.

साधा ताप आठवून पाहा. अंग मोडून येतं, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, जेवणावरची वासना उडते, आवडीचं कामही नकोसं होतं, पांघरूण घेऊन पडून राहावंसं वाटतं. हे जंतू थेट करत नाहीत, आपलंच शरीर करवून घेतं. ताकद वाचवून ती लढाईला लावायची, ही त्यामागची शरीराची योजना. बेंजामिन हार्ट या पशुवैद्यकाच्या अभ्यासकाने १९८८ मध्ये आजारी प्राण्यांच्या वागण्याची अशी मांडणी केली, आणि पुढे या वागण्याची सूत्रं सायटोकाइनच्या हातात असतात हे प्रयोगांतून दिसत गेलं. तापात हा खेळ तीन-चार दिवसांत आटोपतो. आपल्या आजारात दाह महिनोन्महिने धुमसत राहतो, आणि शरीराचा तो ‘पडून राहा’ असा हुकूमही उठत नाही.

सायटोकाइन मेंदूवर नेमका परिणाम करतात तरी कसा?

मेंदूभोवती एक चाळणी असते. रक्तातली प्रत्येक गोष्ट ती आत सोडत नाही. तरीही निरोप पोहोचतोच, आणि त्याला वाटा अनेक आहेत. मेंदूच्या काही भागांत ही चाळणी मुळातच विरळ असते, तिथून सायटोकाइन आत शिरतात. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ते जाऊन बसतात आणि आतल्या बाजूला नवे निरोप तयार करवतात. शिवाय व्हेगस नावाची लांबलचक नस पोटापासून छातीपर्यंतच्या अवयवांची खबर मेंदूला देत असते, तीही दाहाची वर्दी देते. मग मेंदूतल्या राखणदार पेशी जाग्या होतात आणि तिथेही सौम्य दाह सुरू होतो.

पुढची गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते, कारण ती कळल्यावर मी स्वतःला दोष देणं थांबवलं. अन्नातून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून मेंदू सेरोटोनिन हे मनःस्थितीशी निगडित रसायन बनवतो. दाह वाढला की आयडीओ नावाचं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि ट्रिप्टोफॅनला दुसऱ्याच रस्त्याला, कायन्युरेनिनच्या रस्त्याला वळवतं. त्या रस्त्यावर तयार होणारी काही रसायनं चेतापेशींना जाचक असतात. डोपामिनच्या कामातही दाहामुळे खीळ बसते. एखादी गोष्ट करावीशी वाटणं, तिच्यासाठी उठून उभं राहणं, ती झाल्यावर बरं वाटणं, हे सगळं डोपामिनवर चालतं. ‘करायचं कळतंय, पण उठवत नाही’ असं आपल्यातले कितीतरी जण म्हणतात. त्याला आळस म्हणणाऱ्यांना हे सांगायला हवं.

याचा सर्वांत बोलका पुरावा आला तो वेगळ्याच आजारांतून. हिपॅटायटिस सी वर पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं देत असत. इंटरफेरॉन हा सायटोकाइनच. ती इंजेक्शनं सुरू झाल्यावर साधारण चौघांतल्या एकाला रीतसर नैराश्य येत असे. आयुष्यात दुसरं काही बदललेलं नसताना बाहेरून दिलेल्या एका सायटोकाइनने माणसं खचत होती.

म्हणजे माझी उदासी निव्वळ रसायनांमुळे आहे?

नाही, आणि असं सरसकट सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. दाह हा एक धागा आहे. त्याच्या जोडीला रोजचं दुखणं आहे, मोडलेली झोप आहे, सुटलेली किंवा सुटेल अशी वाटणारी नोकरी आहे, उद्या सकाळी हात चालतील की नाही याची धास्ती आहे.

आणि बारीकसारीक गोष्टी आहेत. एका सकाळी मला बाटलीचं झाकण उघडेना. आधी हाताने, मग फडक्यात धरून, मग बाटली मांडीत दाबून प्रयत्न केला. शेवटी मी ती तशीच ओट्यावर ठेवली आणि सगळे उठेपर्यंत वाट पाहत बसले. तासाभराने मुलगा आला, त्याने फिरवली आणि न बघता निघून गेला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण त्या एका तासात मला जे वाटलं ते कोणत्याही रक्ततपासणीत दिसणार नाही. अशा पन्नास गोष्टी रोज साठत जातात. त्या दुःखाला दुःख म्हणण्याची मुभा प्रत्येकाला असली पाहिजे.

असं किती जणांना होतं?

२०१३ मध्ये ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात १३ हजारांहून अधिक रुग्ण होते. तज्ज्ञाने मुलाखत घेऊन निदान केलं तेव्हा १६.८ टक्के लोकांना मोठं नैराश्य होतं. पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीवरून पाहिलं तर आकडा ३८.८ टक्क्यांपर्यंत गेला. दोहोंत इतका फरक का, ते पुढच्या उत्तरात येईल. अतिचिंता, धडधड, भीतीचे झटके हेही आपल्यात बरंच आढळतं, फक्त त्याबद्दल विचारलं कमी जातं.

थकवा, झोप न लागणं, भूक मंदावणं हे आजाराचं की डिप्रेशनचं? ओळखायचं कसं?

नेमका घोळ इथेच होतो. पीएचक्यू-९ मध्ये नऊ प्रश्न आहेत, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. साधारण १० किंवा त्याहून जास्त गुण आले तर पुढे तपासायला हवं असं मानतात. पण त्यात थकवा, झोप, भूक, हालचाली मंदावणं हेही प्रश्न आहेत, आणि आमवात चढलेला असताना मन ठणठणीत असलेल्या माणसालाही त्यांवर गुण मिळतील. म्हणून प्रश्नावलीचा आकडा फुगतो. म्हणून तिला निदान समजू नये. म्हणूनच तिला उडवूनही लावू नये.

मला उपयोगी पडलेली खूण अशी. दुखणं कमी असलेल्या दिवशी, किंवा वेदनाशामक लागू पडून दोन तास बरे गेले त्या वेळात, मन वर येतं का ते पाहा. सांधे हलके झाल्यावर गाणं ऐकावंसं वाटलं, कुणाला फोन करावासा वाटला, तर जीव रमण्याची क्षमता शाबूत आहे. सांधे हलके असूनही काहीच गोड लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, ‘मी सगळ्यांवर ओझं झाले आहे’ हाच विचार घोळत असेल, तर त्याचा उगम निव्वळ आजाराच्या थकव्यात नाही. अपराधीपणा, आपण कुचकामी असल्याची भावना, पुढे काहीच चांगलं होणार नाही अशी खात्री, ही लक्षणं सूज देत नाही.

दोन प्रश्न स्वतःला विचारा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास, हताश होतं का? कशातच रस वाटेनासा झाला होता का? दोहोंपैकी एकाचं उत्तर हो असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगायचंच.

आणखी एक. रक्तक्षय, थायरॉइडचा बिघाड आणि जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता यांमुळेही माणूस असाच गळून जातो. या तपासण्या साध्या आहेत. त्या झाल्याशिवाय ‘हे मनाचंच’ असा शिक्का मारू देऊ नका.

सीआरपी (रक्तातला दाहाचा आकडा) उतरलं, सूज नाही, डॉक्टर म्हणतात आजार आटोक्यात आहे. मग मला बरं का वाटत नाही?

हा प्रश्न विचारताना माणसं आवाज खाली आणतात, जणू तक्रार करायचा हक्कच संपला. तो संपलेला नाही.

आजाराचा जोर मोजायला अनेक ठिकाणी डास-२८ हा गुणांक वापरतात. त्यात चार गोष्टी येतात: २८ सांध्यांपैकी किती सुजलेत, किती दाबल्यावर दुखतात, रक्तातला दाहाचा आकडा, आणि रुग्णाला स्वतःला एकंदरीत कसं वाटतंय. सूज आणि रक्ताचा आकडा बाहेरून दिसतात. उरलेल्या दोन गोष्टी तुमच्या अनुभवावर अवलंबून आहेत, आणि सूत्रात दुखऱ्या सांध्यांना सुजलेल्या सांध्यांच्या दुप्पट भार दिलेला आहे. मन खचलं की वेदना जास्त बोचते आणि ‘एकंदरीत कसं वाटतंय’ याचं उत्तरही वाईट येतं. त्यामुळे सूज ओसरली तरी गुणांक चढाच राहतो. नैराश्य असलेल्यांना आजार पूर्ण शमल्याचा टप्पा गाठणं जास्त अवघड जातं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे.

शिवाय वर्षानुवर्षं दुखत राहिल्यावर वेदनेच्या यंत्रणेचीच तार चढते. दाह विझतो, पण मेंदू आणि मज्जारज्जू जुन्याच आवाजात ओरडत राहतात. काही जणांना आमवातासोबत फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दुखत राहण्याचा विकारही असतो. त्यावर दाहाचं औषध वाढवून फरक पडत नाही.

यातून दोन चुका होऊ शकतात. एक, गुणांक उतरत नाही म्हणून एकामागून एक भारी औषधं बदलली जातात आणि खरी अडचण तशीच राहते. दुसरी त्याच्या उलट, आणि मी ती भोगली आहे: माझं मनगट सुजलेलं असताना एका तपासणीत मला सांगण्यात आलं की तुम्ही फार विचार करता, मन खंबीर ठेवा. तीन महिन्यांनी दुसरीकडे सोनोग्राफी केली तर आत दाह स्पष्ट होता. सूज आहे की नाही हे हाताने, आणि शंका असेल तर सोनोग्राफीने पाहायचं असतं. रुग्णाच्या चेहऱ्यावरून ते ठरवता येत नाही. मनाची नोंद आणि सांध्यांची नोंद वेगवेगळी व्हायला हवी, आणि दोन्ही त्याच फाइलमध्ये हव्यात.

टेन्शनमुळेच मला हा आजार झाला का?

कुणी तसं म्हणालं असेल तर ते मनातून काढून टाका. आनुवंशिकता, धूम्रपान, संप्रेरकं, हिरड्यांचे आजार अशा अनेक गोष्टींची नावं या आजाराच्या कारणांत येतात. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. मन आणि दाह यांचा रस्ता दुतर्फा आहे हे खरं. दीर्घकाळचा ताण आणि नैराश्य शरीरातला दाह वाढवू शकतात, झोप मोडली की वेदना वाढते, खचलेल्या माणसाच्या गोळ्या चुकतात, चालणं बंद होतं. पण ‘तू विचार करत बसलीस म्हणून बोटं वाकडी झाली’ हे विज्ञान नव्हे, तो आरोप आहे.

दाहाची औषधं नीट लागू पडली की मनही सुधारतं का?

बऱ्याच जणांचं सुधारतं, आणि काहींचं आश्चर्य वाटावं इतक्या लवकर. टीएनएफला अडवणारं इंजेक्शन घेतल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच ‘डोक्यावरचं ओझं उतरलं’ असं रुग्ण सांगत, सांध्यांची सूज अजून तशीच असताना. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अशा रुग्णांच्या मेंदूचं चित्रण केलं गेलं. टीएनएफ अडवल्यावर २४ तासांच्या आत मेंदूतली वेदनेशी निगडित हालचाल मंदावलेली दिसली. सांध्यांतला बदल त्यानंतरचा.

पण मग दाहाचं औषध हेच डिप्रेशनचं औषध का म्हणू नये? तेही तपासून झालंय. अमेरिकेत २०१३ मध्ये ६० जणांवर चाचणी झाली. त्यांचं नैराश्य नेहमीच्या गोळ्यांना दाद देत नव्हतं. काहींना टीएनएफ अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब दिलं, काहींना नुसतं सलाइन. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत एकंदरीत फरक दिसला नाही. मात्र ज्यांचं सीआरपी सुरुवातीला ५ मिलिग्रॅम प्रतिलिटरहून जास्त होतं त्यांना औषधाचा फायदा होताना दिसला, आणि ज्यांचं कमी होतं त्यांच्यात सलाइनवालेच बरे राहिले. माझ्या मते या एका चाचणीत सगळं आलं: दाह जिथे आहे तिथे तो विझवल्याने मनाला फायदा होऊ शकतो, आणि प्रत्येक उदासीच्या मुळाशी दाह नसतो.

म्हणून आमवात आटोक्यात आणणं ही पहिली पायरी. तेवढ्याने मन वर आलं नाही तर थांबू नये, मनावरचे उपचार वेगळे सुरू करावेत.

स्टेरॉइड घेतल्यावर मन इतकं वरखाली का होतं?

स्टेरॉइडचा मनावर परिणाम होतो हे अगदी पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. १९४८ मध्ये फिलिप हेंच या डॉक्टरांनी पहिल्यांदा आमवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं, १९५० मध्ये त्यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल मिळालं. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालली, आणि त्यांच्यातल्या काहींच्या मनाचा उत्साह नको इतका उतू जाताना दिसला.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झालं की काहींना रात्री दोन वाजता टक्क जाग येते, डोकं भरभर चालतं, कपाटं आवरावीशी वाटतात. कुणाची चिडचिड वाढते, कुणाला रडू येतं. डोस उतरवताना उलटा प्रकार: दुखणं परत डोकावतं आणि मन एकदम खाली बसतं. परिणाम डोसवर अवलंबून असतो. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रुग्णालयीन पाहणीत रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन (तशाच जातीचं स्टेरॉइड) घेणाऱ्यांत गंभीर मानसिक त्रास १.३ टक्के, ४१ ते ८० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत ४.६ टक्के आणि त्याहून वरच्या डोसला १८.४ टक्के होता. आमवातात रोजचा डोस बहुधा याच्या खूप खाली असतो. तरी झोप आणि चिडचिडीचा त्रास कमी डोसलाही होतो, आणि तो घरच्यांना आधीच सांगून ठेवलेला बरा.

गोळी सकाळी घेतल्याने झोपेचा त्रास कमी होतो. आणि काहीही झालं तरी काही आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एका झटक्यात बंद करू नका. शरीराने कॉर्टिसॉल हे स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं, अचानक बंद केल्यास जिवावर बेतू शकतं. चार-पाच रात्री अजिबात झोप नसेल, बोलणं सैरभैर होत असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मेथोट्रेक्सेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन?

मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी मळमळ, मरगळ, डोकं जड असा अनुभव अनेकांना येतो. फॉलिक अॅसिड, गोळीचा वार बदलणं, गोळीऐवजी इंजेक्शन, असे पर्याय डॉक्टरांपाशी असतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या आमवातावरच्या दुसऱ्या गोळीने क्वचित मानसिक लक्षणं उद्भवू शकतात, बहुधा पहिल्या महिन्यात. युरोपातल्या औषध नियामकाने २०२० मध्ये तशी सूचना दिली. क्वचित म्हणजे क्वचितच, पण गोळी सुरू झाल्यावर मन अचानक बदललं तर तारीख लिहून ठेवा आणि कळवा.

डिप्रेशनच्या गोळ्या या आजारात चालतात का? नैराश्य दाहामुळे असेल तर त्या लागू तरी पडतील का?

दोन्हींचं उत्तर हो. २००१ मध्ये त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगासाठी इंटरफेरॉन-अल्फाचे मोठे डोस घेणाऱ्या ४० जणांवर चाचणी झाली. काहींना दोन आठवडे आधीपासून पॅरॉक्सेटिन ही नैराश्याची नेहमीची गोळी दिली, काहींना नुसती दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळीवाल्यांत ४५ टक्के लोकांना नैराश्य आलं, पॅरॉक्सेटिनवाल्यांत ११ टक्के. सायटोकाइनने आणलेलं नैराश्यही साध्या गोळीला दाद देतं.

काळजी कुठे घ्यायची ते सांगते. पॅरॉक्सेटिनच्या गटातल्या गोळ्या आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं एकत्र घेतली तर जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, त्यात स्टेरॉइड असेल तर आणखी. पोटाचं संरक्षण करणारी गोळी लागते का, हे विचारायलाच हवं. ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी चालू असेल तर तेही सांगा, कारण दोन्ही मिळून सेरोटोनिन धोकादायक पातळीला जाऊ शकतं. ड्युलोक्सेटिनसारखं औषध नैराश्य आणि जुनाट वेदना या दोन्हींवर चालतं, म्हणून काही वेळा तेच निवडतात.

फरक जाणवायला दोन ते चार आठवडे लागतात, पूर्ण परिणाम दिसायला त्याहून जास्त. पहिल्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, पण त्या बंद करतानाही हळूहळूच करायच्या.

गोळ्यांखेरीज काय करता येतं?

व्यायाम. हे वाचून राग येईल हे मला माहीत आहे, मलाही यायचा. पण आमवातात बेताचा, नेमाने केलेला व्यायाम सांधे झिजवत नाही, हे आता पुरतं स्पष्ट आहे, आणि थकवा व मन दोन्हींवर त्याचा परिणाम होतो. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या युलार या संघटनेने २०२३ च्या थकव्याविषयीच्या शिफारशींत व्यायाम आणि मनोशैक्षणिक उपचार, दोन्ही सुचवले आहेत. मी सुरुवात घरातल्या घरात सात मिनिटं चालण्यापासून केली. आठवडाभर सातच. पुढच्या आठवड्यात नऊ. बऱ्या दिवशी उत्साहाच्या भरात तासभर चालायचं आणि मग तीन दिवस आडवं पडायचं, हा खेळ मी फार वर्षं खेळले. बऱ्या दिवशी स्वतःला आवरणं हे वाईट दिवशी उठण्याइतकंच अवघड आहे.

झोपेकडे दुर्लक्ष करू नका. २०१२ च्या एका अभ्यासात आमवाताच्या २७ रुग्णांना आणि तितक्याच निरोगी माणसांना अर्धी रात्र जागवलं. एका रात्रीच्या जागरणाने रुग्णांची वेदना, थकवा आणि उदासी वाढली, दुखऱ्या सांध्यांची संख्याही वाढली. निरोगी माणसांत तसं झालं नाही.

आणि बोलण्याचा उपचार. वर्तन आणि विचारपद्धतीवर काम करणारी सीबीटी ही पद्धत या आजारात तपासलेली आहे. ‘पॉझिटिव्ह विचार करा’ असा उपदेश तिथे नसतो. ‘आज हात दुखतोय’ पासून ‘आता मी कायमची परावलंबी’ पर्यंत मन एका उडीत कसं जातं, ते तिथे पाहायला शिकवतात.

कधी कधी जगूच नये असं वाटतं. हे कुणाला सांगू?

आजच सांगा. घरातल्या एकाला, मित्राला, डॉक्टरांना, जो पहिला हाताशी येईल त्याला, याच शब्दांत. वेदना आणि नैराश्य एकत्र असताना हा विचार अनेकांच्या मनात येतो. त्याचा अर्थ तुम्हाला तातडीने मदत हवी आहे, आणि ती मिळते. काही करून बसाल अशी भीती वाटत असेल तर एकटे राहू नका, जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा किंवा आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनला फोन करा. आपल्या आजारात घरात गोळ्यांचा साठा असतो. तो काही काळ दुसऱ्याच्या ताब्यात द्या. तुमच्या जवळच्या कुणी हे तुमच्याशी बोललं तर वाद घालू नका, घाबरून विषय बदलू नका, सोबत बसा आणि सोबत जा. थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही.

घरच्यांनी कसं वागावं?

‘तू दिसतेस तर छान’ हे वाक्य टाळा. या आजारात दिसणं आणि असणं यांचा संबंध नसतो. मदत करायची तर ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणून मोकळे होऊ नका, ‘बाटल्यांची झाकणं मी रात्रीच सैल करून ठेवतो’ असं एक नेमकं काम उचला. आणि सकाळचा पहिला तास सोडा. त्या वेळी सांधे आखडलेले असतात, पहाटे इंटरल्युकिन-६ चढलेलं असतं. गंभीर बोलणी दुपारनंतर करा.

संधिवाताच्या डॉक्टरांपुढे मनाचं कसं काढायचं? वेळ दहा मिनिटांचा असतो.

मला पहिल्यांदा जमलं नव्हतं. ‘कशा आहात’ विचारलं आणि तोंडातून ‘ठीक’ निघून गेलं. दुसऱ्या खेपेला मी कागदावर चार ओळी लिहून नेल्या आणि बसल्या बसल्या तो कागद टेबलावर सरकवला: ‘सहा आठवड्यांपासून बहुतेक दिवस रडू येतं. सांधे बरे असले तरी कशात मन लागत नाही. स्टेरॉइड दहावरून पाचवर आणल्यावर वाढलं. याची तपासणी कुठे आणि कुणाकडे करायची?’

कागदाचे दोन फायदे. आवाज भरून आला तरी मजकूर पोहोचतो, आणि तो फाइलला लागतो. किती आठवडे, कोणत्या औषधाच्या आसपास, सूज असताना की नसतानाही, एवढ्या तीन गोष्टी त्यात असू द्या. ‘हे होणारच’ असं उत्तर मिळालं तर शेवटचा प्रश्न पुन्हा विचारा. माझ्या डॉक्टरांनी तो कागद दोनदा वाचला, पेन खाली ठेवलं आणि मानसोपचारतज्ज्ञांना तिथूनच फोन लावला.